वडिलांना पदवी नव्हती म्हणून: हिना रब्बानी खार यांच्या कारकिर्दीचा अभ्यास

२००२ साली जनरल परवेझ मुशर्रफ यांनी पाकिस्तानात निवडणुका घ्यायचं ठरवलं तेव्हा एक नवी अट आली. उमेदवार पदवीधर हवा. लष्करी राजवटीचं म्हणणं असं की संसद त्याच त्या जमीनदार घराण्यांच्या हातात वर्षानुवर्षं अडकून पडली आहे. शिकलेली माणसं आत आली की राजकारण सुधारेल. देशात पदवीधर किती, तर अगदीच थोडे. म्हणजे बहुसंख्य जनता एका फटक्यात उमेदवारीच्या हक्कातून बाद झाली. सर्वोच्च न्यायालयानंही अट उचलून धरली. मदरशांच्या सनदा मात्र पदवीच्या बरोबरीच्या मानल्या गेल्या, त्यामुळे धार्मिक पक्षांच्या मुत्ताहिदा मजलिस-ए-अमल या आघाडीचं फारसं काही अडलं नाही. अडलं ते जुन्या घराण्यांतल्या कर्त्या पुरुषांचं.

आणि त्यांचं तरी किती अडलं? घरात जो कोणी पदवीधर असेल त्याला उभं करावं लागलं, एवढंच. मुलगा, पुतण्या, भाचा. ज्या घरात मुलगी शिकलेली होती, तिथे मुलगी.

दक्षिण पंजाबातल्या मुझफ्फरगढ जिल्ह्यात मलिक गुलाम नूर रब्बानी खार यांच्या घरात ती मुलगी होती हिना. वय पंचविशीच्या आत. लाहोरच्या ‘लम्स’ या नामांकित विद्यापीठातून १९९९ साली अर्थशास्त्राची पदवी, त्यानंतर अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातून आतिथ्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी. हॉटेल व्यवसायात उतरण्याच्या तयारीतली ही मुलगी ऑक्टोबर २००२ मध्ये नॅशनल असेंब्लीत खासदार म्हणून बसली आणि नऊ वर्षांत देशाची परराष्ट्रमंत्री झाली. पाकिस्तानच्या इतिहासातली पहिली स्त्री परराष्ट्रमंत्री, आणि तोवरची सर्वांत तरुणही.

घराण्यामुळे सगळं मिळालं, असं म्हणून ही कारकीर्द दोन ओळींत निकालात काढता येते. ते खोटंही नाही. पण टप्प्याटप्प्यानं पाहिलं तर एक चमत्कारिक नियम दिसतो: हिना यांना मिळालेली प्रत्येक मोठी संधी, त्या जागेवर ज्या पुरुषाचा पहिला हक्क मानला जात होता त्याची वाट ऐनवेळी बंद झाल्यामुळे मिळाली. जागा अशी मिळाल्यावर त्यांनी तिथे काय केलं, आणि इतकं होऊनही मतदारसंघ कधी त्यांचा स्वतःचा झाला का, हे दोन प्रश्न मला जास्त महत्त्वाचे वाटतात.

मुझफ्फरगढ

पूर्वेला चिनाब, पश्चिमेला सिंधू, मध्ये हा जिल्हा. चिनाब ओलांडली की मुलतान. कापूस, ऊस, आंबा, भाषा सराइकी. इथलं राजकारण पक्षापेक्षा माणसाभोवती फिरतं. पोलीस ठाण्यात अडकलेला पोरगा सोडवायचा असो, कालव्याच्या पाण्याची पाळी असो, पटवाऱ्याकडचा फेरफार असो, माणूस जातो तो जमीनदाराच्या डेऱ्यावर, म्हणजे त्याच्या बैठकीच्या जागी. तिकडे याला ‘थाना-कचेरीचं राजकारण’ म्हणतात. जो ठाणं आणि कचेरी सांभाळतो तो मतं सांभाळतो, आणि अशा माणसाला तिकीट द्यायला प्रत्येक पक्ष तयार असतो. तिथल्या वर्तमानपत्रांत त्याच्यासाठी इंग्रजीतून आलेला शब्द रुळला आहे: इलेक्टेबल. त्याला पक्षाची गरज असते त्याहून पक्षाला त्याची गरज अधिक.

खार हे असं घराणं. त्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे हिना यांचे काका गुलाम मुस्तफा खार. झुल्फिकार अली भुट्टो यांचे एकेकाळचे उजवे हात, पंजाबचे राज्यपाल आणि मुख्यमंत्री, समर्थकांच्या तोंडी ‘शेर-ए-पंजाब’. पुढे भुट्टोंशी बिनसलं, लष्करशहा झिया-उल-हक यांच्या काळात परदेशात राहावं लागलं, नंतर बेनझीर यांच्या दुसऱ्या सरकारात ते पुन्हा मंत्री झाले. माणूस पडतो, उठतो, पक्ष बदलतो. डेरा जागेवर असतो. हिना यांचे वडील नूर रब्बानी हेही खासदार राहिलेले. त्यांच्यापाशी जमीन होती, माणसं होती, अनुभव होता. पदवी नव्हती.

म्हणून क्यू लीगचं, म्हणजे मुशर्रफ यांच्या पाठिंब्यानं उभ्या राहिलेल्या मुस्लिम लीगच्या गटाचं, तिकीट मुलीच्या नावानं घेतलं गेलं. मतदारसंघ एनए-१७७. प्रचार कसा झाला? सभांत भाषणं वडिलांनी केली. पोस्टरवर उमेदवाराचा फोटो नव्हता. घराण्याच्या रीतीत घरातल्या बाईचा चेहरा भिंतीवर लावणं बसत नव्हतं. मतदारानं मत दिलं ते एका नावाला, आणि त्या नावातलाही आडनावाचाच भाग त्याच्या ओळखीचा होता. ज्या कायद्यानं घराणेशाही मोडायची होती, त्याच्या अंमलाचं हे चित्र आहे. आपल्याकडे सरपंचपद महिलांसाठी राखीव झालं की कारभार पाहणारे ‘सरपंचपती’ ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, निवडणुकीच्या चार महिने आधी आणखी एक गोष्ट घडली होती. मीरवाला गावात पंचायतीच्या फर्मानावरून मुख्तारन माई या स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. गप्प न बसता ती न्यायालयात गेली, जगभर तिचं नाव झालं आणि मिळालेल्या भरपाईच्या पैशातून तिनं गावात शाळा काढली. एका जिल्ह्यातून एकाच वर्षी दोन स्त्रिया सार्वजनिक जीवनात आल्या. एकीला घराण्यानं आणलं, दुसरीला गावानं केलेल्या अत्याचारानं. मुझफ्फरगढमधल्या बाईमाणसाची स्थिती मोजायची तर फूटपट्टी दुसरीच्या गोष्टीची लावावी लागते, पहिलीच्या नव्हे.

इस्लामाबादेत

इथून पुढे मात्र ‘वडिलांची बाहुली’ हे चित्र पुरत नाही. शौकत अझीझ पंतप्रधान झाले. ते मूळचे बँकर, आकड्यांत रमणारे. त्यांच्या सरकारात हिना आर्थिक व्यवहार खात्याच्या राज्यमंत्री झाल्या. हे खातं लोकांच्या डोळ्यांवर येत नाही, पण परदेशी कर्जं आणि अनुदानं इथूनच हलतात. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, देणगीदार देश यांच्याशी रोजचा संबंध. ऑक्टोबर २००५ च्या काश्मीर भूकंपानंतर तर मदतीचा सगळा ओघच परदेशातून होता. डेऱ्यावर बसून हे काम होत नाही. फायली वाचाव्या लागतात, समोरच्याच्या भाषेत बोलावं लागतं. हिना यांचं शिक्षण इथे कामी आलं, आणि इथेच त्यांची स्वतःची अशी ओळख तयार होऊ लागली: तयारी करून येणारी, मुद्द्यावर बोलणारी मंत्री.

पुढच्या निवडणुकीच्या वेळी क्यू लीगनं तिकीट नाकारलं. खार घराण्यात यावर फार विचार करण्याची प्रथा नाही. हिना पीपल्स पार्टीत गेल्या, म्हणजे भुट्टोंच्या, काकांच्या जुन्या पक्षात. बेनझीर यांची हत्या डिसेंबर २००७ मध्ये झाली होती, फेब्रुवारी २००८ मध्ये मतदान झालं आणि हिना ८४ हजारांच्या आसपास मतं घेऊन पुन्हा निवडून आल्या. मुशर्रफ यांच्या मंत्रिमंडळातली मंत्री त्यांच्याच विरोधकांच्या सरकारात मंत्री झाली. याला संधिसाधूपणा म्हणावं तर म्हणता येतं. पण दक्षिण पंजाबात पक्ष बदलणं हा अपवाद नाही, तिथला तो रिवाजच आहे.

निवडणूक उरकल्यावर दोनच महिन्यांनी, एप्रिल २००८ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं पदवीची अट रद्द केली. म्हणजे ज्या कारणानं हिना राजकारणात आल्या ते कारणच संपलं. वडील आता उभे राहू शकत होते. पण मुलगी पुढे अर्थ खात्यात राज्यमंत्री झाली.

१३ जून २००९ रोजी त्यांनी अर्थसंकल्प मांडला. पाकिस्तानात एखाद्या स्त्रीनं तो मांडण्याची ही पहिली वेळ. त्यामागचं कारणही नेहमीचंच: अर्थ खात्याचा खरा कारभार शौकत तरीन यांच्याकडे होता, पण ते सल्लागार होते, कोणत्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. भाषण वाचायला निवडून आलेलं माणूस लागत होतं. पुढच्या महिन्यात तरीन सिनेटवर आले आणि ही अडचण मिटली. इतिहासात मात्र ‘पहिली’ म्हणून नाव हिना यांचं लागलं.

रिकामी खुर्ची

परराष्ट्र खात्याची गोष्ट याहून रंजक आहे. जानेवारी २०११ मध्ये लाहोरच्या रस्त्यावर रेमंड डेव्हिस या अमेरिकनानं दोन पाकिस्तानी तरुणांना गोळ्या घातल्या. तो सीआयएचा माणूस निघाला. अमेरिका म्हणे त्याला राजनैतिक संरक्षण आहे. परराष्ट्रमंत्री शाह महमूद कुरेशी यांनी ते सरसकट मान्य करायला नकार दिला. कुरेशी मुलतानचे, बहाउद्दीन झकरिया यांच्या दर्ग्याच्या गादीचे वारस, वडील पंजाबचे राज्यपाल. म्हणजे नदीपलीकडचं दुसरं घराणं. फेब्रुवारीत मंत्रिमंडळाची फेररचना झाली, त्यांना वीज-पाणी खातं देऊ केलं, ते त्यांनी नाकारलं. परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची रिकामी झाली आणि राज्यमंत्री म्हणून हिना तिथे आल्या. पाच महिने पूर्ण मंत्रीच नव्हता, आणि त्याच पाच महिन्यांत अबोटाबादेत ओसामा बिन लादेन मारला गेला. जुलैत त्यांना पूर्ण मंत्रिपदाची शपथ देण्यात आली. वय ३३.

तज्ज्ञांनी नाकं मुरडली. अननुभवी आहे, लष्कराला अशी मंत्री सोयीचीच, असं उघड लिहिलं गेलं. दुसऱ्या आक्षेपात तथ्य होतं, पण तो हिना यांच्यापुरता नव्हता. भारत, अफगाणिस्तान आणि अमेरिका या तिन्ही विषयांत शेवटचा शब्द रावळपिंडीचा, म्हणजे लष्करी मुख्यालयाचा असतो, मंत्री कोणीही असो.

शपथेनंतर आठवडाभरातच त्या दिल्लीला आल्या. चर्चेचा दिवस २७ जुलै २०११. त्याच्या दोनच आठवडे आधी, १३ जुलैच्या संध्याकाळी, मुंबईत झवेरी बाजार, ऑपेरा हाउस आणि दादर इथे बॉम्बस्फोट झाले होते. २६/११ नंतर तुटलेली चर्चा जेमतेम पुन्हा जुळत होती. ती या स्फोटांनी पुन्हा मोडेल अशी धास्ती होती. ती मोडली नाही. समोर होते भारताचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा, मंत्री होण्याआधी सव्वातीन वर्षं महाराष्ट्राचे राज्यपाल म्हणून मलबार हिलच्या राजभवनात राहिलेले. त्यांचं वय ७९. दोघांच्या वयात ४६ वर्षांचं अंतर, आणि छायाचित्रांत ते स्पष्ट दिसत होतं.

आपल्या माध्यमांनी मात्र पाहिली ती पर्स. हर्मीस कंपनीची बर्किन बॅग, कव्हालीचा गॉगल, गळ्यातली मोत्यांची माळ. प्रत्येकाची किंमत शोधून काढली गेली. वाहिन्यांनी त्यावर जेवढा वेळ घालवला त्याच्या पावपट वेळ जरी चर्चेच्या निष्पत्तीवर घालवला असता तरी प्रेक्षकाला कळलं असतं, की नियंत्रणरेषेवरून चालणाऱ्या व्यापाराचे दिवस आठवड्याला दोनाचे चार करायचं ठरलं आहे. बैठकीआधी हिना काश्मिरी फुटीरतावाद्यांच्या हुर्रियतच्या नेत्यांना भेटल्या होत्या. खरं तर वाद घालण्याजोगी गोष्ट ती होती; दिल्लीला ते रुचलंही नव्हतं. पण तीसुद्धा बर्किनपुढे फिकी पडली. कृष्णांच्या सुटाची किंमत कोणी विचारली नाही.

त्यांच्या मंत्रिपदाची खरी परीक्षा चार महिन्यांनी आली. २६ नोव्हेंबर २०११ रोजी अफगाण सीमेवरच्या सलाला चौक्यांवर नाटोच्या विमानांनी हल्ला केला, त्यात पाकिस्तानचे २४ सैनिक ठार झाले. पाकिस्ताननं अफगाणिस्तानात जाणारा नाटोचा रसदमार्ग बंद केला आणि शम्सी हवाई तळ अमेरिकेकडून रिकामा करून घेतला. कंटेनरच्या रांगा महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. पाकिस्तानची मागणी माफीची. अमेरिकेत निवडणुकीचं वर्ष, तिथे माफी हा शब्द उच्चारायचीही चोरी. सात महिने घासाघीस चालली. अखेर ३ जुलै २०१२ रोजी हिलरी क्लिंटन यांनी हिना यांना फोन केला आणि नंतरच्या निवेदनात पाकिस्तानी सैन्याच्या हानीबद्दल ‘सॉरी’ म्हटलं. मार्ग उघडले. हे एकट्या हिना यांचं कर्तृत्व नव्हतं, लष्कराची संमती असल्याखेरीज यातलं काहीच झालं नसतं. पण महासत्तेच्या परराष्ट्रमंत्र्याला ते शब्द ज्या फोनच्या निमित्तानं उच्चारावे लागले, त्याच्या दुसऱ्या टोकाला मुझफ्फरगढची ही खासदार होती.

भारताच्या बाबतीत हाती फारसं काही राहिलं नाही. ‘सर्वाधिक पसंतीचं राष्ट्र’ हा व्यापारी दर्जा भारताला द्यायला पाकिस्तानी मंत्रिमंडळानं नोव्हेंबर २०११ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली; तो प्रत्यक्षात कधीच मिळाला नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इस्लामाबादेत नवा व्हिसा करार झाला, त्यात ६५ वर्षांवरच्यांना अटारीला पोचल्यावर व्हिसा मिळायची सोय होती. ती सुरू व्हायची होती जानेवारी २०१३ च्या मध्याला. आठवडाभर आधी नियंत्रणरेषेवर भारतीय जवानाचा शिरच्छेद झाला आणि भारतानं सोय सुरू होण्याच्या दिवशीच ती थांबवली. हिना यांनी परराष्ट्रमंत्री पातळीवर बोलायची तयारी दाखवली. ऐकायला कोणी नव्हतं.

जागा कोणाची?

२०१३ साली पीपल्स पार्टीची पंजाबात धूळधाण झाली. हिना उभ्याच राहिल्या नाहीत. एनए-१७७ मधून उभे राहिले वडील. मुलीनं अकरा वर्षं सांभाळलेली गादी मूळ मालकाकडे परत गेली, असंच म्हणायला हवं. आणि तिथे गाठ पडली जमशेद दस्ती यांच्याशी.

दस्तींची गोष्ट सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. स्वतःला गरिबांचा माणूस म्हणवणारे, जागीरदारांवर तोंडसुख घेणारे हे नेते २००८ साली शेजारच्या एनए-१७८ मधून हिना यांच्याच पक्षातर्फे निवडून आले होते. त्यांनी पदवीची अट भागवली होती ती मदरशाच्या सनदेवर. २०१० मध्ये ती सनद खोटी असल्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्तींनी कुराणाबद्दल साधे प्रश्न विचारले, त्यांची उत्तरं देता आली नाहीत, आणि दस्तींनी तिथेच राजीनामा दिला. मेमध्ये पोटनिवडणूक झाली. तोवर अट रद्द झालेली, त्यामुळे त्यांना पुन्हा उभं राहता आलं, आणि लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं. २०१३ च्या निवडणुकीच्या तोंडावर याच प्रकरणी तीन वर्षांची शिक्षा झाली, उच्च न्यायालयानं सोडलं, आणि दस्ती अपक्ष म्हणून दोन्ही मतदारसंघांतून जिंकले. नूर रब्बानी हरले.

जमीनदाराच्या मुलीकडे अमेरिकेतली खरी पदवी, गरिबांच्या नेत्याकडे खोटी सनद. मुशर्रफ यांच्या अटीनं नेमकं कोणाला आत घेतलं आणि कोणाला खोटेपणा करायला लावलं, हे या दोन शेजारी मतदारसंघांत जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं कुठल्याही अहवालात दिसणार नाही. दस्तींच्या खोटेपणाचं समर्थन मी करत नाही. पण मतदारानं तो खोटेपणा माहीत असूनही त्यांना तीनदा पसंती दिली, ती उगाच नव्हे. परराष्ट्रमंत्र्याचं काम त्या मतदाराच्या दारापर्यंत पोचत नव्हतं. २०१० च्या महापुरात या जिल्ह्याचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. तिथल्या माणसाला नाटोच्या रसदमार्गाचं काय?

डेऱ्याची ताकद मात्र एका पराभवात संपत नाही. दस्तींनी एनए-१७७ सोडला, ऑगस्टमध्ये पोटनिवडणूक झाली आणि नूर रब्बानी खार पुन्हा खासदार झाले. २०१८ मध्ये नव्या आखणीतल्या एनए-१८३ मधून हिना यांचे भाऊ रझा रब्बानी खार पीपल्स पार्टीकडून जिंकले. वडील, मुलगी, वडील, मुलगा असा हा क्रम.

आणि हिना? त्या २०१८ मध्ये स्त्रियांसाठीच्या राखीव जागेवरून संसदेत परतल्या. या जागांवर थेट मतदान नसतं. पक्षानं जिंकलेल्या जागांच्या प्रमाणात त्याच्या यादीतली नावं निवडून आली असं धरलं जातं. गमतीचा भाग असा की नॅशनल असेंब्लीत स्त्रियांच्या ६० राखीव जागांची तरतूदही मुशर्रफ यांच्याच २००२ च्या फेररचनेतली. त्यांच्या एका सुधारणेनं हिना यांना आत आणलं, दुसरीनं आत ठेवलं. आता त्यांना मुझफ्फरगढची गरज नव्हती, आणि मुझफ्फरगढला त्यांची.

एप्रिल २०२२ मध्ये इम्रान खान यांचं सरकार पडलं आणि शाहबाझ शरीफ यांच्या मंत्रिमंडळात हिना पुन्हा परराष्ट्र खात्यात आल्या, पण राज्यमंत्री म्हणून. आठवडाभरानं वरच्या खुर्चीत येऊन बसले बेनझीर यांचे पुत्र बिलावल भुट्टो झरदारी. अनुभव हिना यांच्याकडे, खातं बिलावलकडे. घराण्याच्या बळावर वर आलेल्या माणसाला वरचढ घराणं भेटलं की काय होतं, याचा यापेक्षा ठळक दाखला मिळणार नाही. जिल्ह्यात खार असणं पुरतं. पीपल्स पार्टीत भुट्टो असावं लागतं.

तरी कामाचा जडभार उचलताना त्या दिसत राहिल्या. २९ नोव्हेंबर २०२२ ला त्या काबूलला गेल्या. आदल्याच दिवशी पाकिस्तानी तालिबाननं शस्त्रसंधी संपल्याचं जाहीर केलं होतं. स्त्रियांना सार्वजनिक जीवनातून हद्दपार करायला निघालेल्या राजवटीचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी यांच्यासमोर पाकिस्तानच्या शिष्टमंडळाची प्रमुख म्हणून एक बाई बसली. अफगाण उद्योजक स्त्रियांनाही त्या भेटल्या. तीनच आठवड्यांनी तालिबाननं मुलींसाठी विद्यापीठाची दारं बंद केली.

२०२४ मध्ये त्या पुन्हा राखीव जागेवरून आल्या आणि नॅशनल असेंब्लीच्या परराष्ट्र व्यवहार समितीच्या अध्यक्ष झाल्या. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षानंतर पाकिस्ताननं आपली बाजू मांडायला अमेरिका आणि युरोपात शिष्टमंडळ धाडलं, त्यात हिना होत्या. शेरी रहमान, खुर्रम दस्तगीर, जलील अब्बास जिलानी, तहमिना जंजुआ अशी परराष्ट्र व्यवहारात मुरलेली मंडळी सोबत होती. नेतृत्व बिलावल यांच्याकडे होतं.